वीट की सिपोरेक्स? आधी बघा, खोलीत तुम्ही केव्हा असता

मे महिन्यात नागपुरात रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. सूर्य केव्हाच मावळलेला असतो, तरी नऊ इंची विटेची भिंत तापकऱ्याच्या कपाळासारखी लागते. पलंगाची उशी बहुधा तिलाच टेकलेली असते आणि एसी रात्रभर तिच्याशी झुंजत राहतो.

वीटभिंतीचा एक चौरस मीटर सुमारे ४२५ किलो भरतो, तर आठ इंची सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या भिंतीचा, जेमतेम १२०. जड भिंत उशिरा तापते आणि उशिराच निवते. दुपारी तीनची झळ विटेतून आत पोचायला सात-आठ तास लागतात, म्हणजे ऐन झोपेची वेळ. सिपोरेक्स उष्णता फारशी साठवत नाही, पण त्यातल्या हवेच्या बारीक छिद्रांमुळे ती आत येते विटेच्या साधारण तिसरा हिस्सा.

आपल्याकडच्या धाब्याच्या घरांना दीड-दोन फुटी मातीच्या भिंती होत्या. दुपारी घरात गारवा आणि रात्री खाट अंगणात! भिंत ऊब सोडायची तेव्हा आत कुणी नसायचंच. आपण मात्र रात्रीच खिडक्या लावून आत झोपतो.

म्हणून गावाचं हवामान बघा. पुण्या-नाशकात एप्रिलची दुपार ३८ अंशांवर गेली तरी पहाट बरीच गार असते. रात्री खिडक्या उघड्या ठेवून सकाळी नऊला लावून घेत असाल, तर वीटच घ्या. पुष्कळदा पंख्यावर भागतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पहाटेही पारा २८ च्या आसपास, भिंत निवणार कधी? तिथे रोज एसी लावणार असाल तर माझं मत सिपोरेक्सला. फक्त त्यात साधा खिळा टिकत नाही, गिझर-टीव्हीसाठी वेगळे अँकर लागतात. मुंबई-कोकणात दिवसरात्रीचा फरकच थोडा. तिथे पडवीची सावली आणि वारा हवा.

थंडीत आपण हीटर क्वचितच लावतो, तो हिशेब सोडा. फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र चार-सहा इंची काँक्रीटची उघडी पश्चिम भिंत टाळावी. ती जड खरी, पण पातळ. तीन-चार तासांतच झळ आत.

सगळं घर एकाच मालाचं हवं असंही नाही. हॉल-स्वयंपाकघर विटेचं आणि बेडरूमची पश्चिम बाजू सिपोरेक्सची चालते. घर एकमजली असेल तर मात्र आधी गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांचा थर, टाका. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन तीच खाते.