बर्फाच्या रविवारी मराठी शाळा: भरवावी, ऑनलाइन घ्यावी की बंद ठेवावी?

उत्तर अमेरिकेतील बहुतेक मराठी शाळांचे वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन मे-जूनच्या सुमारास संपते, आणि ईशान्येकडील राज्यांत त्यातला मधला मोठा भाग हिमवादळांच्या सावटाखाली जातो. बॉस्टनच्या परिसरातील, आठवड्यातून एकदा रविवारी दोन तास भरणाऱ्या अशाच एका शाळेच्या समन्वयाचे काम मी काही वर्षे पाहत आलो आहे. ही जबाबदारी नव्याने स्वीकारणारे स्वयंसेवक पहिल्या हिवाळ्यात जो प्रश्न हमखास विचारतात, त्याविषयी येथे सविस्तर लिहितो. शनिवारी हवामान खात्याचा इशारा आला, रविवारी सकाळी सहा-सात इंच बर्फाची शक्यता आहे, तर शाळा भरवावी, झूमवर घ्यावी, की सरळ बंद ठेवावी? तिन्ही मार्ग आम्ही अवलंबून पाहिले आहेत आणि तिन्हींच्या बाजूने बोलणारी समंजस माणसे मला ठाऊक आहेत.

गावातील सार्वजनिक शाळा जे करील तेच आपण करावे, हे उत्तर सर्वांत आधी सुचते, परंतु ते फारसे उपयोगी पडत नाही. सार्वजनिक शाळेचा निर्णय एका गावाच्या रस्त्यांपुरता असतो. तेथील अधीक्षक पहाटे त्या गावच्या रस्तेविभागाशी बोलतात, बसमार्गांची स्थिती विचारतात आणि ठरवतात. आपली शाळा भरते एका गावात आणि मुले येतात पंधरा-वीस गावांतून. एकाच वादळात बॉस्टनजवळच्या बर्लिंग्टनच्या बाजूला नुसता पाऊस पडत असतो, ॲक्टनला त्याचा चिखलबर्फ झालेला असतो आणि श्रूजबरी-वूस्टरकडच्या टेकड्यांवर गाडीची चाके बुडतील इतका हिम साचलेला असतो, कारण समुद्राची ऊब जसजशी मागे पडते आणि जमीन जसजशी चढत जाते, तसतसे पावसाचे बर्फात रूपांतर होत जाते. ही पाऊस आणि बर्फ यांची सीमारेषा कधी बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर असते, कधी त्याहून बाहेरच्या ४९५ क्रमांकाच्या महामार्गाच्या पलीकडे, आणि ती नेमकी कोठे थांबणार हे आदल्या रात्रीपर्यंत अनेकदा स्पष्ट नसते. शिवाय रविवारी सार्वजनिक शाळा मुळात भरतच नाही, त्यामुळे नक्कल करायला त्यांचा निर्णयही उपलब्ध नसतो. इमारत भाड्याने घेतलेली असते. पार्किंगमधला बर्फ सोमवार सकाळपर्यंत काढला म्हणजे झाले, असा तेथील कामाचा क्रम असू शकतो, आणि त्यात काही गैर नाही.

शाळा भरवावी असे म्हणणाऱ्यांची बाजू मी प्रथम मांडतो, कारण ती जितकी समजली जाते त्यापेक्षा भक्कम आहे. सार्वजनिक शाळेचा एक दिवस बुडाला तर १८० दिवसांतला एक दिवस बुडतो. आपला एक रविवार बुडाला तर दोन तासांपुरता बुडतो असे वाटते, पण प्रत्यक्षात मुलाच्या दोन वर्गांमध्ये चौदा दिवसांची फट पडते. त्यात डिसेंबरची सुटी, फेब्रुवारीतली शाळांची आठवडाभराची सुटी आणि सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा रविवार धरला, तर जानेवारी ते मार्च या काळात सलग वर्ग होणे दुर्मीळच ठरते. दुर्दैवाने हाच काळ लहान मुलांना जोडाक्षरे शिकवण्याचा असतो, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची तयारीही याच आठवड्यांत बसवावी लागते. ज्या घरात आई-वडील आपसांत मराठी बोलतात पण मुले उत्तर इंग्रजीत देतात, तेथे चौदा दिवसांची फट भरून काढणे सोपे नसते. म्हणून थोडा बर्फ पडला की शाळा बंद, असा सैल नियम कोणीही करू नये असे मलाही वाटते. येथे राहणाऱ्यांना तीन इंच बर्फात गाडी चालवता येते आणि चालवावी लागतेच.

हिमवर्षावात शाळा उघडी ठेवण्याचा जो सर्वांत मोठा युक्तिवाद सार्वजनिक शाळांच्या बाबतीत केला जातो, तो मात्र आपल्याला लागू पडत नाही. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये पुष्कळदा बसगाड्या रद्द होतात पण शाळेचे दरवाजे उघडे राहतात. जी मुले पोचतील त्यांना सांभाळले जाते. १७ जानेवारी २०२२ च्या वादळासारखा, टोरांटोत अर्ध्या मीटरहून अधिक बर्फ पडलेला प्रसंग असेल, सहसा तरच शाळांच्या इमारती बंद राहतात. यामागचा विचार योग्य आहे. आई-वडिलांना कामावर जावे लागते, काही मुलांचे दिवसाचे पोटभर जेवण शाळेतच होते, आणि शाळा बंद झाली तर त्याची झळ ज्यांना घरून काम करता येत नाही अशा कुटुंबांना सर्वांत आधी लागते. पण रविवारी सकाळी दहा वाजता मराठी शाळेत येणाऱ्या मुलाचे आई-वडील घरीच असतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कोणीतरी वर्ग घेत असते.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत बनवले ती सांगतो. शाळा भरवण्याच्या पर्यायाचे एक मवाळ रूप सर्वत्र प्रचलित आहे. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर संदेश जातो की, शाळा सुरू राहील, परंतु पालकांनी आपापल्या भागातील रस्त्यांची स्थिती पाहून स्वतः निर्णय घ्यावा. हा संदेश वाचायला सौम्य आणि जबाबदार वाटतो. मला तो तिन्ही पर्यायांपेक्षा वाईट वाटतो. निर्णय घेणे ज्यांचे काम आहे त्यांनी तो घेतलेला नसतो, आणि तो ज्यांच्यावर सोपवलेला असतो त्या प्रत्येक घराकडे समन्वयकाइतकीही माहिती नसते. त्याचा परिणाम असा होतो की जवळ राहणारे, निवांत कुटुंब अंथरुणातून बाहेर पडत नाही आणि सर्वांत दूरचे, सर्वांत निष्ठेने येणारे कुटुंब सर्वांत वाईट रस्त्यावरून गाडी काढते, कारण शाळा सुरू आहे असे लिहिलेले असते आणि ताई वाट पाहत असतील असे मुलाला सांगितलेले असते. ताईंचेही तसेच असते. शाळा सुरू असताना शिक्षिकेने मी येत नाही असे कळवणे आपल्या मंडळींना जड जाते, त्यामुळे मागच्या आसनावर स्वतःचे लहान मूल बसवून त्याही निघतात. काळजीपूर्वक वागणाऱ्या माणसांवरच धोका टाकणारी ही रचना आहे, आणि तिच्याइतका त्रास मला बर्फानेही दिलेला नाही.

यानंतर वर्गात जे घडते ते पाहिले की ही रचना अभ्यासाच्या दृष्टीनेही निरर्थक ठरते. समजा त्या दिवशी रफाराचा पाठ आहे. ‘सूर्य’ मध्ये र वर जातो, ‘चक्र’ मध्ये खाली येतो, ‘राष्ट्र’ मध्ये त्याचे रूप आणखी बदलते, आणि हे एका बैठकीत नीट समजावले नाही तर मुले पुढे महिनोन्‌महिने अडखळतात. मूठभर मुले आलेली असतात. ताईंनी पाठ पुढे नेला तर पुढच्या रविवारी उरलेल्या वर्गाला तो पुन्हा शिकवावा लागतो आणि बर्फातून आलेली मुले तेच तेच ऐकत कंटाळतात; पाठ पुढे नेला नाही तर ती मुले कोड्यांची पाने सोडवून घरी जातात. येणाऱ्याचे आणि न येणाऱ्याचे, दोघांचेही नुकसान होते, आणि त्याची भरपाई करण्याची सोयही राहत नाही, कारण कागदोपत्री शाळा झालेली असते.

जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सार्वजनिक शाळांची २००३ ते २०१० या काळातील आकडेवारी तपासून २०१४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून नेमके असेच चित्र पुढे आले होते. हिमवादळामुळे शाळा पूर्ण बंद राहिल्याचा मुलांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. परंतु शाळा उघडी असून मुले खराब हवेमुळे गैरहजर राहिली, तेव्हा विशेषतः गणितातील गुण घसरले. सगळा वर्ग एकाच जागी थांबला तर शिक्षकाला तेथून पुढे जाता येते, पण निम्मा वर्ग पुढे आणि निम्मा मागे असला की दोन्हींना सांभाळता सांभाळता वेळ जातो, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या शाळेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे कदाचित योग्य नाही, पण आमचा अनुभव त्याच्याशी जुळतो एवढे म्हणता येईल.

ऑनलाइनचा मार्ग या अडचणीतून सुटका करील असे अनेकांना वाटते. काही वर्गांच्या बाबतीत ते खरेही आहे. वरच्या इयत्तांतील मुलांना गोष्ट वाचून दाखवायची असेल, तिच्यावर चर्चा करायची असेल किंवा संभाषणाचा सराव घ्यायचा असेल, तर झूमवरचा तास चांगला होतो. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले आजी-आजोबा शेजारी बसून ऐकतात आणि मधूनच शब्द सुचवतात, हा लाभ प्रत्यक्ष शाळेत मिळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझा उत्साह कमी आहे. मूल अक्षर कोठून सुरू करून कोठे संपवते हे पडद्यावर दिसत नाही. दिसते ते पूर्ण झालेले अक्षर, आणि बहुधा वही कॅमेऱ्यासमोर उलटी धरलेली असते. दोन भावंडे दोन वर्गांत असतील तर दोन उपकरणे आणि दोन खोल्या लागतात. ओला, जड बर्फ झाडांवर साचून फांद्या तुटतात तेव्हा वीज जाते, आणि ती त्याच भागात जाते जेथून मुले येऊ शकणार नव्हती. न्यूयॉर्क शहराने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी शाळांच्या इमारती बंद ठेवून ऑनलाइन दिवस जाहीर केला, तेव्हा सकाळी अनेक मुलांना आणि शिक्षकांना प्रणालीत प्रवेशच करता आला नव्हता. एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही स्थिती, तर स्वयंसेवकांच्या शाळेने आयत्या वेळी शनिवारी रात्री दुवे पाठवून नीट वर्ग होतील अशी अपेक्षा ठेवणे थोडे धाडसाचे आहे. वादळाच्या दिवशी घरी सोडवण्यासाठी अभ्यासाचे संच आधीच देऊन ठेवण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्सच्या काही सार्वजनिक शाळांत होती, ती राज्याने २०२० मध्ये थांबवली. आमच्याकडेही असे संच बहुतेक न उघडता परत आले.

राहिला तिसरा मार्ग, शाळा पूर्ण बंद ठेवण्याचा, आणि तो मला इतरांपेक्षा थोडा बरा वाटतो. मात्र भरपाईची सोय केलेली असेल तरच. येथे सार्वजनिक शाळांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळांना १८० दिवस भरवावे लागतात, पण वेळापत्रक १८५ दिवसांचे करावे लागते. बर्फ पडणार हे गृहीत धरून पाच दिवस आधीच राखून ठेवलेले असतात, आणि बर्फ पडला नाही तर उन्हाळ्याची सुटी तेवढी लवकर लागते. आपल्या शाळेनेही सप्टेंबरच्या वेळापत्रकातच मे महिन्याचे दोन-तीन रविवार राखीव म्हणून छापावेत आणि इमारतीचे भाडेपत्र करताना त्या तारखाही धराव्यात. असे केले की शाळा बंद करताना मन कचरत नाही. एरवी होते असे की, बुडालेला वर्ग परत मिळणार नाही या भीतीने समन्वयक धोकादायक दिवशीही शाळा रेटून नेतो. बॉस्टनमध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच बर्फ पडला. तसा हिवाळा आला तर राखीव रविवारही पुरणार नाहीत आणि तेव्हा वरच्या वर्गांपुरते ऑनलाइन तास घ्यावे लागतील, हे मी मान्य करतो.

बंद ठेवण्याचा निर्णय शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत व्हावा आणि तो फिरवू नये. रविवारी सकाळी आकाश निरभ्र निघाले तर काही पालक नाराज होतात, ते सहन करावे. सकाळी उघडून मध्येच सोडण्याची पाळी येणे हा त्यापेक्षा फार वाईट प्रकार आहे. अटलांटात २८ जानेवारी २०१४ रोजी जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला, पण शाळा, कचेऱ्या आणि दुकाने दुपारी एकाच वेळी सुटली, रस्ते गोठले आणि हजारो मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. त्याच्या कितीतरी आधी, १२ जानेवारी १८८८ रोजी, डाकोटा आणि नेब्रास्काच्या मैदानांवर सकाळ उबदार असल्याने मुले शाळेत गेली आणि दिवसा अचानक आलेल्या हिमवादळात सुमारे २३५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत घरी परतणारी मुले पुष्कळ होती. आपली परिस्थिती इतकी बिकट नसते, पण सकाळी येताना रस्ता कसा आहे यापेक्षा बारा वाजता परतताना तो कसा असेल, हे पाहून निर्णय घ्यावा.

किती इंचांना शाळा बंद, असा आकडा मात्र मी सुचवणार नाही. तापमान उणे दोन-तीन असताना पडलेला पाच इंच कोरडा बर्फ मिठाने आणि बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांनी लवकर निघतो. शून्याच्या आसपास पडणारा गोठता पाऊस पाव इंचही पुरेसा असतो, आणि पारा उणे नऊ सेल्सिअसच्या खाली गेला की रस्त्यावर टाकलेले मीठ फारसे काम करीत नाही. शाळेत येणाऱ्या सर्वांत दूरच्या दोन कुटुंबांना शनिवारी दुपारी फोन करून त्यांच्या गल्लीची स्थिती विचारणे, हे आम्हाला कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडले आहे. मिनियापोलिसला किंवा बफेलोला राहणाऱ्यांना माझी ही सावधगिरी अति वाटेल. तेथील रस्तेविभाग आणि तेथील चालक दोघेही अधिक सरावलेले असतात, त्यांनी शाळा बंद करण्याचा उंबरठा खुशाल वर ठेवावा. डॅलस किंवा शार्लटच्या शाळांनी तो आमच्याहूनही खाली ठेवलेला बरा. राखीव रविवारांची नोंदणी मात्र सर्वांनीच उन्हाळ्यात करून टाकावी, कारण मे महिन्यातील शाळांची सभागृहे नृत्यवर्गांच्या वार्षिक कार्यक्रमांसाठी फार लवकर जातात.