अस्सल खादीची गांधी टोपी: नवी पेठेतलं एक दुकान

सोलापुरात खरी खादीची टोपी हवी असेल तर नवी पेठेत बोळाच्या तोंडाशी असलेलं टोप्यांचं छोटं दुकान गाठा. पाटीवरची अक्षरं पुसट झालीत, पण ‘टोपीवाले काका’ म्हटलं की कोणीही दाखवेल. शाळेच्या हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमासाठी मी मुलांच्या टोप्या इथूनच घेतल्या. साधी 80 रुपयांना, दुहेरी शिलाईची 110 ला.

दुकानात टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाच्या, टोप्यांचा ढीग आहेच, 25 रुपयांपासून. लग्नसराईत त्याच खपतात. पण काका गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “बाई, मानपानाला हवी की घालायला?” मी घालायला म्हटलं, तेव्हा त्यांनी दोन्ही टोप्यांच्या आतल्या काठाचा एकेक धागा ओढून काडीपेटीवर धरला. खादीचा धागा कागदासारखा जळून त्याची राख झाली. टेरिकॉटचा आक्रसला आणि टोकाला काळा, कडक मणी उरला. सोबत आलेली मुलं वाकून बघत होती. नववीच्या वर्गात असहकार चळवळ शिकवताना मला जे जमलं नाही, ते त्या दोन धाग्यांनी केलं.

कारण या टोपीचा सगळा अर्थच कापडात होता. गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांनी गांधीजींची आठवण लिहून ठेवली आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहून गांधीजींनी काश्मिरी टोपीच्या धर्तीची घडीची टोपी निवडली. रंग पांढरा, कारण मळ लगेच दिसतो आणि धुवावीच लागते. हातानं कातलेल्या सुताची, गरिबाला परवडेल अशी, खिशात मावेल अशी. स्वतः गांधीजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला आणि टोपी सोडली, लोकांनी मात्र ती डोक्यावर ठेवली. आमच्या गावात मे 1930 मध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा ही टोपी घालायला बंदी होती. त्या वेळच्या चळवळीतले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. या चौघांच्या पुतळ्यांपाशी रोज हजारो लोक सिग्नलला थांबतात.

वर्गात मी विचारलं, ही टोपी कुठे पाहिलीत? बहुतेकांचं उत्तर एकच: लग्नात. टॉवेल-टोपी! प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉवेलाच्या घडीवर ठेवलेली टोपी, माइकवर नाव पुकारून पाहुण्याला दिलेली. ती कोणाच्याच डोक्याला बसत नाही, कपाटात पडून राहते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात जाते. एका मुलीनं सांगितलं, आमच्याकडे सोयऱ्यांची टोपी द्यायची राहिली म्हणून मामा जेवायला बसले नव्हते. जी घातली म्हणून लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ती आता दिली नाही म्हणून माणसं रुसतात.

मला या प्रवासाचा सरसकट राग नाही. मुंबईचे डबेवाले ती रोज घालतात, वारीत टाळ धरणाऱ्यांच्या डोक्यावर ती असते. तिथे ती कष्टाची आणि भक्तीची झाली आहे, आणि रोजची घामाची टोपी धुतली जाते, फाटेस्तोवर वापरली जाते. ऑगस्ट 2011 मध्ये रामलीला मैदानावर ‘मैं अण्णा हूँ’ छापलेल्या टोप्या आल्या तेव्हा मलाही आनंद झाला होता, की टोपी पुन्हा रस्त्यावर उतरली. पुढच्याच वर्षी तिच्यावर आम आदमी पक्षाची ओळ आली, मग पक्षापक्षाचे रंग आले. तिथे माझं मन उडालं. टोपीवर मजकूर लिहावा लागतो याचाच अर्थ कापड आता काही बोलत नाही. 1930 मध्ये कोऱ्या टोपीकडे बघून पोलिसांना कळत होतं.

म्हणूनच मला हे दुकान मोलाचं वाटतं. शिलाई उत्तम आहे, पुढचं-मागचं टोक नीट जुळतं, घडी सपाट बसते. खादी थोडी जाडीभरडी, सुतात गाठी आहेत, त्या असायच्याच. उणिवाही सांगते. लहान मुलांची मापं तयार नसतात, आठवडाभर आधी सांगावं लागतं. कांजी इतकी कडक असते की पहिल्या दिवशी कपाळावर वळ उठतो. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि रविवारी दुकान बंद. एका मोठ्या दालनातून मी पूर्वी ‘खादी’ म्हणून घेतलेली टोपी दोन धुण्यांत पिवळी पडली होती, इथली तशी होत नाही.

जाताना डोक्याचं माप इंचात घेऊन जा आणि टोपी अर्धा इंच मोठी घ्या, पहिल्या धुण्यात आटते. नीळ अगदी थोडी घाला, वाळवताना टोपी उघडून उपडी ठेवा आणि किंचित ओली असतानाच इस्त्री फिरवा.