खेळाचे तास : स्टीमवर बघावेत की वहीत लिहावेत?

आपला आवडता गेम कुठला, हे आकड्यांनी ताडून बघायचं असेल तर दोन वाटा आहेत. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकत घेऊन चालवायच्या अ‍ॅपवर, आपोआप जमणारे तास, किंवा हाताने ठेवलेली नोंद. मी वर्षभर दोन्ही सोबत चालवल्या.

स्टीमची सोय मोठीच. काही करावं लागत नाही. प्रत्येक गेमपुढे एकूण तास, प्रोफाइलवर गेल्या दोन आठवड्यांचे वेगळे. २०२२ पासून डिसेंबरात स्टीम रिप्ले येतो, त्यात वर्षभराचे गेम महिन्यांनुसार मांडलेले असतात. ऑफलाइन खेळ मात्र त्यात धरत नाहीत. फोंड्यात पावसाळ्यात आमचं नेट सारखं जातं, त्यामुळे माझे जून-जुलै रिप्लेत फिकेच दिसतात. पण तेवढ्यासाठी मी वही काढली नसती.

वही काढायला लावली ती स्टारड्यू व्हॅलीने. २०१६ चा हा शेतीचा गेम. त्यातला एक दिवस आपल्या घड्याळात साधारण चौदा मिनिटांचा, आणि गेम सेव्ह होतो तो पात्र रात्री झोपलं की. दुपारी मध्येच बंद केला तर त्या दिवसाचं शिंपण, खाणकाम सगळं पाण्यात. म्हणून संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मी मेन्यू उघडून गेम तसाच ठेवतो आणि पिशवी घेऊन धावतो. पाव आणायचे, मग चहा, मग शेजारच्या काकांशी दोन शब्द. परत येईपर्यंत तास मोजले जात असतात, कारण गेम चालू आहे एवढंच तिथे पाहिलं जातं. हात कीबोर्डवर आहेत की नाहीत हे नाही. चवथीत तर एकदा आरतीची घुमटं (मातीची वाद्यं) वाजायला लागली तेव्हा उठलो तो जेवूनच परतलो. त्या दिवशी स्टीमवर पाच तासांच्या वर भर पडली; वहीत दोनही भरले नाहीत.

सिव्हिलायझेशन सिक्स या पाळीपाळीने (टर्नने) खेळायच्या गेमचं तसं नाही. तो कुठल्याही टर्नला सेव्ह होतो, म्हणून उठताना मी तो बंदच करतो. परिणाम असा की स्टीमवर स्टारड्यू माझा पहिला गेम, सिव्हिलायझेशन बराच मागे. वहीत नेमकं उलट. सेव्ह करण्याच्या पद्धतीने माझी आवड ठरावी, हे मला फार खटकलं.

वहीचा जाच आहेच. दमून बसलो की लिहायचं राहतं, नंतर अंदाजाने भरावं लागतं. दहा-वीस गेम एकदम चालवणाऱ्याला ती झेपणार नाही कदाचित. त्याने स्टीमवरच राहावं. एका बैठकीत खेळून बंद करणाऱ्यालाही दोन्हींत फारसा फरक दिसू नये. पण घरच्या धबडग्यात तुकड्यातुकड्याने खेळणाऱ्याने निदान एक महिना वही ठेवून बघावी, असं मला वाटतं. रकाने थोडेच हवेत : गेम, बसलो कधी, उठलो कधी, आणि का उठलो.

त्या शेवटच्या रकान्याने मला सगळ्यात जास्त सांगितलं. स्टारड्यूपुढे लिहिलेलं आहे ‘पोदेर’, ‘आरती’, ‘आईने हाक मारली’. सिव्हिलायझेशनपुढे बहुतेक ओळींत एकच : ‘दीड वाजला’.