डायव्हची जागा मार्क करायला स्वस्तातला जीपीएस: ईट्रेक्स १० आणि त्याची भावंडं

आमच्या डायव्हिंगच्या गटात जागा शोधून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला बोट नेमकी तिथेच नेऊन उभी करायचं काम माझ्याकडे असतं. बरीच वर्षं मी ते गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स १० वर करते आहे. छोटा, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा हा जीपीएस गार्मिनच्या यादीत अगदी तळाशी होता, आणि या कामाला तो पुरतो असं माझं ठाम मत आहे. नव्याने डायव्हिंगला लागलेले लोक विचारतात ते दोनच प्रश्न: फोन असताना हा कशाला, आणि घ्यायचाच तर कुठला?

फोनचं आधी सांगते. अचूकता जास्त मिळेल म्हणून वेगळा जीपीएस घेणार असाल, तर घेऊ नका. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो, आणि स्वस्तातला हँडहेल्ड त्याहून फार काही वेगळं करत नाही. मोबाइलचं नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो, हेही खरं. फरक पडतो तो ओल्या हाताने. काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की टचस्क्रीन आपल्या मनाने वागायला लागते, आणि हातमोजे असतील तर बघायलाच नको. दुपारच्या उन्हात फोन तापतो, स्क्रीन मंद होते, आणि जागेवरून बोट पुढे सरकत असताना तुम्ही अनलॉक करत बसता. ईट्रेक्सची स्क्रीन मात्र ऊन जितकं कडक तितकी स्पष्ट दिसते. शिवाय फोनवर घरच्यांचे नंबर, तिकिटं, पैसे असं सगळं असतं. बोटीच्या कडेवरून वाकताना तो हातात नसलेलाच बरा.

मार्क करण्याची पद्धत या यंत्रावर मला फार आवडते. समोरची बारकी दांडी अंगठ्याने दाबून धरली की वेपॉइंट, म्हणजे त्या जागेची साठवलेली खूण, तयार होतो. मेन्यूत शिरायची गरज नाही, चष्माही लागत नाही. समजा आम्ही खडक शोधतो आहोत आणि तळाला सगळी वाळू आहे. डेप्थ साउंडर, म्हणजे बोटीखालची खोली मोजणारं यंत्र, २४ मीटर, २४ मीटर असं दाखवत राहतो आणि एकदम १७ वर येतो. त्या क्षणी मी दांडी दाबते आणि दुसऱ्या हाताने वजन बांधलेला बोया, म्हणजे दोराला बांधलेली तरंगती खूण, पाण्यात सोडते. ही पहिली खूण कच्ची. बोट वळून परत बोयापाशी येते, दोर सरळ खाली उतरलेला दिसला की बोया हाताशी घेऊन मी दुसरी खूण करते. ती पक्की, आणि पहिली पुसून टाकायची. नाव टाकायला मात्र त्या दांडीने एकेक अक्षर निवडावं लागतं, आणि हलत्या बोटीवर ते नकोसं होतं. म्हणून मी यंत्राने दिलेला आकडा तसाच ठेवते, पाटीवर त्याच्यापुढे खोली आणि दोन शब्द लिहिते, आणि नावं घरी कॉम्प्युटरवर भरते.

बोयाचा हा खटाटोप कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. नांगर टाकून बोट स्थिरावली की आरामात मार्क करू, असा त्यांचा विचार असतो. पण जीपीएस बोटीची जागा सांगतो, तळाची नाही. २० मीटर खोलीत ६० मीटर दोर सोडला असेल आणि प्रवाहाने तो ताणला असेल, तर बोट नांगरापासून आडवी साधारण ५७ मीटर लांब असते. भरती-ओहोटी पालटली की तीच बोट नांगराच्या दुसऱ्या बाजूला तेवढीच लांब जाते. पुढच्या वेळी त्या खुणेवर उतरलात तर खाली नुसती वाळू. इथे ५ मीटर अचूकतेचं यंत्र असो की १ मीटरचं, काही उपयोग नाही. म्हणून महाग यंत्राच्या अचूकतेला पैसे मोजण्याआधी एक चांगला बोया, दोर आणि वजन घ्या.

आता ‘वॉटरप्रूफ’. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, एवढाच. मधला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. लाटेचा सपकारा, पाऊस, बोटीच्या तळाला साठलेलं पाणी यांना हे पुरतं. पण १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तेव्हा जॅकेटच्या खिशात ठेवून हे यंत्र खाली न्यायचं नाही. आणि नेऊन करणार काय? जीपीएसचा मुख्य नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, आणि खारं पाणी तो वरच्या काही सेंटीमीटरमध्येच गिळून टाकतं. पाण्याखाली कुठलाच जीपीएस चालत नाही. गार्मिनची डिसेंट मालिकेतली महागडी डायव्हिंग घड्याळंसुद्धा उतरण्याची आणि वर येण्याची जागाच नोंदवतात. मधलं काही त्यांनाही दिसत नाही.

मधलं पाहिजे असेल तर स्वस्तातला मार्ग आहे आणि मी तो मनापासून सुचवते. जीपीएस पारदर्शक वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घाला, आत थोडी हवा राहू द्या, आणि पाऊच डायव्हरबरोबर पाण्यावरून ओढत न्यायच्या तरंगत्या फ्लोटवर आकाशाकडे तोंड करून घट्ट बांधा. ट्रॅक, म्हणजे यंत्र ज्या वाटेने गेलं ती वाट, नोंदवणं सुरू ठेवा. प्लास्टिकमधून सिग्नल व्यवस्थित येतो. उतरण्याआधी जीपीएसच्या स्क्रीनवरच्या वेळेचा पाण्याखालच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढून ठेवा. मग कॅमेऱ्याचं घड्याळ कितीही पुढेमागे असलं तरी फरक कळतो, आणि ज्या मिनिटाला तुम्ही एखाद्या गुहेच्या तोंडाशी फोटो घेतला त्या मिनिटाला फ्लोट कुठे होता ते ट्रॅकमध्ये सापडतं. फ्लोटचा दोर आखूड आणि ताणलेला ठेवायचा, म्हणजे फ्लोट डोक्यावरच राहतो. किनाऱ्यावरून उतरणाऱ्यांना तर याहून चांगली सोय नाही.

पाऊचचा दुसरा फायदा असा, की ईट्रेक्स पाण्यावर तरंगत नाही. सुटा पडला तर गेला. हवा ठेवलेल्या पाऊचमध्ये तो तरंगतो, पण सेलसकट घालून आधी बादलीत तपासून बघा. पाऊचचा जाच नको असेल तर मुळात तरंगणारं यंत्र घ्यावं. गार्मिनचा जीपीएस ७३ काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा, साधा आणि तरंगणारा. जीपीएसमॅप ७९एस हा २०२२ मधला, रंगीत ३ इंची स्क्रीनचा, १०,००० वेपॉइंट साठवणारा, आणि तोही तरंगतो. बोट स्वतःची असेल आणि वर्षभर समुद्रावर जाणं असेल, तर ७९एसचे जास्तीचे पैसे योग्य ठिकाणी जातात असं मला वाटतं. त्याच्याच ७९एससी या भावंडात समुद्री नकाशे आधीच भरलेले असतात. नुसत्या जागा मार्क करायला त्यांची गरज नाही.

नव्या घडणीचा, पण स्वस्त गटातलाच हवा असेल तर २०२३ मध्ये आलेला ईट्रेक्स एसई बघा. स्क्रीन तशीच २.२ इंची काळी-पांढरी, पण दोन पेन्सिल सेलवर गार्मिनच्या म्हणण्याप्रमाणे १६८ तास चालतो, तर ईट्रेक्स १० साधारण २० तास. फोनशी बिनतारी जोडताही येतो, त्यामुळे नावं भरायचं काम बोटीवरून उतरल्यावर फोनवरच उरकतं. ईट्रेक्स २२एक्सला रंगीत स्क्रीन आणि नकाशे भरायची सोय आहे, पण ती डोंगरात चालणाऱ्यांच्या कामाची. पाण्यावर तुम्हाला दिशा दाखवणारा बाण आणि खुणेपर्यंतचं अंतर, दोनच गोष्टी लागतात. आणि यातल्या साध्या यंत्रांवरचा मूळ नकाशा पाण्याखालचे खडक दाखवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बोट हाकू नका.

यंत्र हातात आलं की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जा. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. दुसऱ्या डेटमवर घेतलेले अक्षांश-रेखांश शेकडो मीटरनेही सरकू शकतात. मग लिहिण्याची पद्धत. समुद्रावर अंश आणि दशांश मिनिटं ही पद्धत सगळ्यात सोयीची, कारण अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १८५२ मीटर. दशांशानंतरचा तिसरा आकडा एकाने बदलला की जागा १.८५ मीटर हलते, त्यामुळे तीन आकडे पुरे. घोळ होतो तो आकडे दुसऱ्याला सांगताना. ‘तीस पॉइंट पन्नास मिनिटं’ हे ऐकणाऱ्याने ३० मिनिटं ५० सेकंद असं लिहून घेतलं, तर २० सेकंदांचा फरक पडतो आणि बोट ६०० मीटरहून जास्त चुकते. गटातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी आणि वहीत प्रत्येक नोंदीपुढे ती लिहावी. जुन्या वह्यांतल्या नोंदी असतील तर त्यांची तारीख बघा. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, आणि तेव्हाची जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शकते. अशा नोंदी टाकून देऊ नका, पण डेप्थ साउंडर लावून पुन्हा शोधायची तयारी ठेवा.

मेन्यूत ‘वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग’, म्हणजे एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी, असतं. एकाच जागेचे ४ ते ८ नमुने, दोन नमुन्यांत निदान ९० मिनिटं जाऊ देऊन घ्या, असं गार्मिनचं मॅन्युअल सांगतं. किनाऱ्यावरच्या उतरण्याच्या जागेसाठी हे उत्तम. हलत्या बोटीवर त्याचा उपयोग नाही, तिथे सरळ बोयापाशी मार्क करावं. त्याबरोबर किनाऱ्यावरच्या खुणांच्या दोन जोड्या, म्हणजे एखादं शिखर आणि त्याच्यापुढचा मनोरा एका रेषेत, अशाही पाटीवर टिपून ठेवाव्यात. सेल संपले तर त्याच कामी येतात.

देखभालीत सेलच्या झाकणाची रबरी पट्टी सगळ्यात महत्त्वाची. वाळूचा एक कण किंवा मिठाचा खडा तिच्यावर राहिला की आयपीएक्स ७ ला अर्थ उरत नाही. प्रत्येक खेपेनंतर यंत्र झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्यात धुवा, पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच उघडा. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर उरलेला चार्ज चुकीचा दिसतो. मोसम संपला की सेल काढून ठेवायचे. पाझरलेल्या सेलने आतल्या पत्र्या खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी म्हणूनच आधी झाकण उघडायला लावावं. पत्र्यांवर हिरवट थर असेल किंवा रबरी पट्टी कडक झाली असेल तर घेऊ नये. कडेचं रबर सुटलेलं असेल तर भाव पाडून घ्या. मग उघड्यावर नेऊन सॅटेलाइट पकडू द्या आणि तारीख तपासा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, मागच्या वेळी तो ६ एप्रिल २०१९ ला आला, आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर येते, त्यामुळे बोटीवरून नुसतं मार्क करायला असं यंत्र चालेल. फ्लोटवर बांधून ट्रॅक आणि फोटो जुळवायचे असतील, तर तारीख बरोबर दाखवणारंच शोधा.