व्हॉट्सॲप, टेलिग्राम की इन्स्टाग्राम? अकरावीला निघालेल्या अंध मित्रासाठी

'टॉकबॅक शिकलो, आता आधी कुठलं ॲप घेऊ?' दर जूनमध्ये कुणीतरी हे विचारतंच. (टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा, अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर.) मला अजिबात दिसत नाही आणि ही तिन्ही ॲप रोज वापरतो, म्हणून सांगतो.

पहिलं व्हॉट्सॲप. वर्गाचा ग्रुप तिथेच असतो आणि पेपरला आपण सांगू ते लिहिणारा लेखनिक, म्हणजे रायटरही तिथेच मिळतो. 'सोमवारी ११ वाजता, मराठीचा पेपर, रायटर हवा' एवढा मेसेज चार ग्रुपांवर फिरला, की बहुतेक वेळा कुणाचा तरी फोन येतो. समोरच्याची व्हॉइस नोट लांबलचक असली तर दुप्पट वेगाने ऐकायची. खरा त्रास फोटोंचा. कुणी वेळापत्रकाचा फोटो टाकतं आणि आपल्या कानावर पडतं नुसतं 'फोटो, ९:४२'. छापील देवनागरी गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षरापुढे मात्र अडखळतं. म्हणून वर्गातल्या एकाला गाठ आणि फोटोखाली दोन ओळी लिहायला सांग. यात भीक मागण्यासारखं काही नाही. तो वर्ग तुझाही आहे.

अभ्यासासाठी टेलिग्राम सरस. चॅनलमध्ये उशिरा आलास तरी जुन्या नोट्स, ऑडिओ सगळं मागे जाऊन ऐकता येतं. नंबर लपवता येतो, अनोळखी मोठ्या ग्रुपात जाणाऱ्या मुलींना हे फार मोलाचं. पण पीडीएफ उतरवण्याआधी विचार: युनिकोड आहे का? श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांचा काला ऐकवतो. स्कॅन केलेली असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, केल्याशिवाय हाती काहीच लागत नाही.

इन्स्टाग्राम शेवटी. फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचावं असं वर्णन, लिहायची सोय २०१८ पासून आहे, पण लिहितं कोण? रील्समध्ये गाणं वाजतं, पडद्यावरचा मजकूर तसाच निघून जातो. ज्यांना थोडं दिसतं, त्या अल्पदृष्टी असलेल्यांना मोठं करून बरंच बघता येतं, तेव्हा त्यांनी हा क्रम माझ्यासारखाच लावायला हवा असं नाही. आणि कट्ट्यावरच्या निम्म्या गप्पा इन्स्टावरच्याच असतात. अभ्यासाचं बस्तान बसलं की खातं जरूर उघड. पहिला फोटो टाकशील तेव्हा त्याचं वर्णन स्वतः लिही, मित्र विचारतील हे कुठे लिहायचं असतं.