मेटिस घ्यावं की स्कॉच? पुराचं मॉडेल चालवताना आलेला अनुभव

सांगलीत राहतो आणि संगणकावर कृष्णेच्या पुराचं मॉडेल चालवतो. म्हणजे आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंत आणि आजूबाजूच्या मळ्यांपर्यंत सगळ्या जमिनीचे त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येकात पाणी किती आणि ते कुठं चाललंय हे काढत बसायचं. त्रिकोण झालेत 18 लाखाच्या आसपास, मशीन 32 कोअरचं, म्हणजे एकाच वेळी गणित करणारे 32 जण. हे त्रिकोण 32 जणांत वाटायचे कसे एवढाच प्रश्न होता, त्यात अख्खा उन्हाळा गेला.

वाटणी भावाभावांत रान वाटल्यासारखीच बघा, प्रत्येकाला सारखं यायला पाहिजे आणि मधला बांध जेवढा लहान तेवढं बरं, कारण कटकट सगळी बांधावरच. इथं कटकट म्हणजे प्रत्येक स्टेपला शेजारच्या कोअरला आपली पाण्याची पातळी कळवायची, आणि ती येईपर्यंत त्यानं हात बांधून बसायचं.

ही वाटणी करून देणारी सॉफ्टवेअर असतात. पहिलं घेतलं मेटिस. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज करिपिस आणि विपिन कुमार यांनी 1990 च्या दशकात केलेलं, तरी आजही पहिलं नाव ह्याचंच निघतं. शेजारशेजारचे त्रिकोण जोडत जोडत ग्राफ (कोण कुणाचा शेजारी त्याचं जाळं) लहान करतं, तो लहान ग्राफ वाटतं, मग उलटं उलगडत येताना सीमेवरचे त्रिकोण इकडचे तिकडं सरकवून बांध कमी करतं. मी चहा ओतेपर्यंत वाटणी तयार! फाइलमधे नंबर 1 पासून लागतात, मी 0 पासून दिले आणि एक संध्याकाळ वाया घालवली, ती चूक माझीच. आणि सारखं म्हणजे अगदी काटेकोर सारखं नसतं, नेहमीच्या सेटिंगला 3 टक्के कमीजास्त चालवून घेतं.

मग स्कॉच. (नाव ऐकून ग्रुपवर जे विनोद झाले ते इथं लिहीत नाही.) हे फ्रान्समधल्या बोर्दोचं, फ्रांस्वा पेलेग्रिनी यांचं. ओपनफोम (पाणी-हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना माहीत असेलच, तिथं स्कॉच लिहिलं की एक्स-वाय-झेड ह्या तीन दिशांना तुकडे किती ते सांगायला लागत नाही. मशीनची रचना पण ह्याला सांगता येते, कुठला तुकडा कुठल्या नोडवर बसवायचा ते ते बघतं. मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे अशी बरीच मशीन (नोड) जोडलेली असतील तिथं, ह्याचा फायदा होईल, माझ्या एका मशीनला काय उपयोग नव्हता. काहिप पण लावून बघितलं, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचं. त्याच्या कडक सेटिंगला बांध सगळ्यात लहान आला पण वेळ भरपूर घेतला, आणि मॉडेलच्या एकूण वेळेत फरक काय दिसला नाही.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, पण मॉडेल सुरू होतं तेव्हा पाणी फक्त पात्रात असतं, बाकी सगळे त्रिकोण कोरडे आणि कोरड्या त्रिकोणाला कामच नाही. म्हणजे पात्रावरचे कोअर घाम गाळतायत आणि विश्रामबागकडचे नावाला जागून विश्रांती घेतायत. त्रिकोण सारखे वाटून काम सारखं होतंय होय? रान सारखं वाटलं पण विहीर एकाकडंच गेली, तसला प्रकार.

इथं मेटिस जिंकलं. त्यात एका त्रिकोणाला एकापेक्षा जास्त वजनं (म्हणजे कामाच्या भाराचे आकडे) देता येतात. मी दोन दिली, एक पात्र आणि सखल भागासाठी, दुसरं उंचावरच्यासाठी, आणि दोन्ही वेगवेगळी सारखी वाट म्हणून सांगितलं. बांध चांगलाच वाढला, कागदावर ही वाटणी सगळ्यात वाईट, आणि मॉडेल सगळ्यात पळालं ते हिच्यावरच. त्यामुळं बांधाचे आकडे एकमेकांसमोर ठेवून सॉफ्टवेअर निवडणारे लेख मी आता वाचायचं सोडलंय.

एक सांभाळा मात्र. स्कॉचसोबत मेटिसच्याच नावाची फंक्शनं असलेली एक लायब्ररी येते, म्हणजे जुना कोड न बदलता स्कॉच वापरता यावं म्हणून. माझ्या लिंकिंगमधे (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडताना) ती आधी लागली आणि दोन दिवस मी मेटिस समजून स्कॉचच चालवत होतो, दोन वजनांना एरर का येतोय ते कळेना. लिंकचा क्रम तपासा, नाहीतर डोकं फिरेल.

पैशाचं म्हणाल तर मेटिस, स्कॉच, काहिप तिन्ही फुकट आणि कोड खुला. पारमेटिसचं (मेटिसचंच, पण वाटणीचं काम बऱ्याच कोअरवर एकदम करणारं) तेवढं लायसन्स वेगळं, शिक्षण-संशोधनाला चालतंय, कंपनीच्या कामाला घेणार असाल तर आधी नीट वाचा. आणि मेश (त्रिकोणांचं जाळं) अवाढव्य असेल तर मेटिस 64 बिटला बिल्ड करा, 32 बिटमधे आकडा 214 कोटींच्या पुढं जात नाही. आमच्या जिल्ह्याला तेवढी गरज पडायची नाही.

राहिलं काय, तर पूर पसरतो तसा कोरडा भाग ओला होत जातो आणि सकाळची वाटणी दुपारी चुकीची ठरते. त्यासाठी चालू मॉडेलमधेच परत वाटणारं पाहिजे, सँडिया लॅबचं झोल्टान त्या कामाचं आहे. बिल्डला लावलंय, जूनच्या आत बसलं तर लिहितो.