कलाकाराला कार्यक्रमाची सुपारी देण्याआधी: ई-कोर्ट्स ॲप आयोजकांच्या किती कामाचं?

नागपूरचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आणि जिल्हा न्यायालयही तिथेच. तरी गंभीर गुन्ह्याची केस असलेल्या नामवंताला बोलवायचं का, यावर मंडळाची बैठक बसली की कोर्टाची नोंद कोणी उघडत नाही. एक म्हणतो, ‘अबे, गातो कसा ते पाय ना!’, दुसरा व्हॉट्सॲपवर आलेलं कात्रण पुढे करतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप फुकट आहे. त्यात पक्षकाराचं नाव, एफआयआर, वकील, कायद्याचं कलम असे रकाने आहेत. पुरस्कार आणि चाहत्यांची संख्या भरायला जागा नाही, आणि ती नसणंच बरोबर आहे.

सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, हाती असेल तर काम मिनिटाचं. हा नंबर १६ अक्षर-आकड्यांचा: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे न्यायालयाचे, सहा प्रकरणाचे, शेवटचे चार वर्षाचे. तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि अपलोड झालेले आदेश दिसतात.

नंबर नसला की खरी कटकट सुरू होते. नावाने शोधताना राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडावं लागतं. नागपूरकर सवयीने नागपूर निवडतात आणि ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ दिसलं की पाटी कोरी समजतात. केस मुंबईला असेल तर मुंबईचं कोर्ट निवडा. वर्ष गुन्ह्याचं नाही, कोर्टात प्रकरण नोंदलं गेलं तेव्हाचं. नाव रंगमंचावरचं चालत नाही, कागदावरचं लागतं. तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये, म्हणून आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. एकाच नावाची चार माणसं निघतात. पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर जुळल्याशिवाय कोणावरही बोट ठेवू नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘डिस्पोज्ड’, म्हणजे ‘निकाली’, हा शेरा. त्याचा अर्थ निर्दोष सुटला असा नाही. खाली निकालाचा प्रकार वाचा: ‘ॲक्विटेड’ (निर्दोष) की ‘कन्व्हिक्टेड’ (दोषी)? गंभीर गुन्हा आधी मॅजिस्ट्रेटकडे येतो, तिथून सेशन्स कोर्टाला वर्ग होतो. तेव्हा खालच्या कोर्टात तो निकाली दिसतो आणि वर नव्या नंबराने सुरू असतो. अपील झालं असेल तर ॲपमध्येच हायकोर्टाचा विभाग निवडून पुन्हा शोधावं लागतं. अपिलात शिक्षा स्थगित झाली म्हणजे दोष पुसला गेला नाही. माणूस फक्त तूर्त बाहेर आहे. व्यवस्थापक ‘कोर्टाने सोडलंय’ म्हणतो तेव्हा बहुतेक हीच गल्लत, कधी मुद्दाम केलेली. खटला सुरू असताना मात्र आरोपीला गुन्हेगार ठरवून मोकळं होऊ नका.

लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच नोंदींत नाव-आदेश झाकलेले असतात. संवेदनशील एफआयआरही ऑनलाइन टाकत नाहीत. नेमक्या ज्या गुन्ह्यांवर सर्वात जास्त वाद होतो तिथेच ॲप मुकं. ते योग्यही आहे, पण अशा वेळी वकिलाला विचारण्यावाचून इलाज नाही.

जुनी आणि परदेशातली प्रकरणं या ॲपच्या भरवशावर सोडू नका. आणि बोलवायचं की नाही हे ठरवताना दोन उदाहरणं शेजारी ठेवावीत. संजय दत्तला १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात शस्त्र कायद्याखाली दोषी धरलं. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये दोष कायम ठेवला आणि शिक्षा सहा वर्षांवरून पाचवर आणली. माफीसाठी मोठमोठ्यांनी शब्द टाकला, राज्यपालांनी अर्ज फेटाळला, आणि तो शिक्षेतली सूट धरून २०१६ मध्ये येरवड्यातून बाहेर आला. चित्रपट दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने १९७७ मध्ये १३ वर्षांच्या मुलीशी बेकायदेशीर शरीरसंबंधाचा गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावण्याआधी १९७८ मध्ये अमेरिका सोडली. २००३ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं ते गैरहजेरीत. २००९ मध्ये झुरिकच्या चित्रपट महोत्सवात सन्मान स्वीकारायला गेला असताना अटक झाली, तर चित्रपटसृष्टीतल्या कितीतरी जणांनी सुटकेसाठी सह्या केल्या. पहिल्याने शिक्षा भोगली, त्याला पुन्हा व्यासपीठ द्यायला हरकत नसावी. दुसऱ्याने टाळली, आणि त्याला हार घालणारा आयोजक त्या टाळण्यात भागीदार होतो. ‘कला वेगळी, माणूस वेगळा’ हे रसिकाने घरी गाणं ऐकताना म्हणावं. बिदागीचा चेक फाडणाऱ्या मंडळाला ते लागू पडत नाही.

वापराच्या दोन गोष्टी. ‘माय केसेस’मध्ये जतन केलेली यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी ती एक्सपोर्ट करा. आणि ॲपवरचा आदेश माहितीपुरता. वाद होणार असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत मागवा.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा नावाच्या शोधासाठी कापला, अर्धा ‘डिस्पोज्ड’साठी. करारपत्रात मात्र आजच एक ओळ वाढवा: कार्यक्रमाआधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास करार रद्द आणि ॲडव्हान्स परत.